पहिला चेलो

मुहर्रक

माझ्या धाकट्या भावाची, अविनाशची बायको मीना पंच्याऐंशी सालच्या जानेवारीत दुसऱ्यांदा बाळंत झाली. त्याच आठवड्यात तिच्या आईचा पाय मोडला आणि सांगलीहून बहारीनला जायला माझी नेमणूक झाली. मी बिनलग्नाची, वय सेहेचाळीस, व्हायोलिनच्या शिकवण्या घेणारी. अशा बाईला वेळच वेळ असतो, असं सगळ्या नातेवाइकांना वाटतं. मी तोवर विमानात बसले नव्हते, त्यामुळे आढेवेढे न घेता हो म्हटलं. अट एकच घातली: व्हायोलिन बरोबर येणार.

तिथला विमानतळ मुहर्रक नावाच्या लहान बेटावर आहे आणि तिथून पुलावरून राजधानी मनामाला जातात. कस्टमच्या तरुण अधिकाऱ्याने माझी ट्रंक उघडली. डिंकाचे लाडू त्याने हातात घेऊन वजन केल्यासारखे केले. "ये क्या है?"

"बच्चे की माँ के लिए," मी म्हटलं.

त्याने मान डोलावली, लाडू नीट परत ठेवले आणि व्हायोलिनची पेटी उघडली. चेहरा खुलला. "कमान!" म्हणाला. तिकडे व्हायोलिनला कमान म्हणतात. "बजाओ."

मागे रांग खोळंबलेली. मी ट्रंकेवर मांडी घालून बसले, व्हायोलिनचं डोकं घोट्यावर टेकवलं आणि भूपाचे चार सूर काढले. या देशात व्हायोलिन हनुवटीखाली धरतात, पायावर नव्हे. त्याला हसू आवरेना. मी वरची तार किंचित चढवायला गेले आणि ती ताडकन तुटून माझ्या मनगटावर बसली. बिचारा इतका ओशाळला की बाकीचं सामान न बघताच त्याने खडूची खूण केली. बाहेर अविनाश उभा होता. अकरा महिन्यांनी भेटलेली बहीण पहिलं वाक्य काय बोलली, तर "इथे तारा कुठे मिळतात रे?"

मनामाचा बाजार

पहिले चार दिवस मी घराबाहेर पडले नाही. बाळाची अंघोळ, धुरी, शेक, मीनाचं जेवणखाण. मोठी गौरी सात वर्षांची. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं छान चालायचं. पाचव्या दिवशी हळीव संपले. अविनाश म्हणाला, "ताई, ते इथे कुठले मिळायला?" मी म्हटलं, "ज्या देशात बायका बाळंत होतात तिथे काहीतरी मिळतंच."

बाब अल बहारीन ही मोठी कमान ओलांडली की बाजार लागतो. अत्तरं, कापड, सोनं, मसाले, आणि सगळ्यांच्या वर तळलेल्या समोशांचा वास. दुकानदार आपल्यासारखंच हिंदी बोलतात. एका गल्लीत ऊद टांगलेले दिसले. ऊद म्हणजे पोटाला फुगीर, मानेला मोडलेलं तंतुवाद्य. दुकानाचे मालक अबू जासिम साठीचे, चष्मा कपाळावर.

"व्हायोलिन की तार?" त्यांनी हात झटकले. "मफी." मफी म्हणजे नाही. हा शब्द मला पहिल्याच दिवशी पाठ झाला होता. माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहून त्यांनी विचारलं, आणखी काय शोधताय? मी हातवारे करून सांगितलं: बारीक लाल बी, पाण्यात फुगतं, बाळंतिणीला देतात.

"रशाद!" ते ओरडले. "हमारी माँ ने भी खाया, हमारी औरत ने भी खाया!" आणि दुकान तसंच उघडं टाकून ते मला तीन दुकानं पलीकडे घेऊन गेले. पोत्यात हळीव. अगदी तेच. तिथल्या बायका ते अंड्यात घालून खातात आणि आपण नारळ-गुळात, एवढाच फरक. मी पोत्यात हात घालून उभी राहिले. दीड हजार मैल आल्याचं मला तोवर जाणवत होतं, त्या क्षणी ते एकदम कमी झालं.

तारेबद्दल अबू जासिम म्हणाले, "हॉस्पिटल में जाओ. स्टोर में पास्कू है, हिंदी. उसके पास सब है." तिकडे भारतीय माणसाला हिंदी म्हणतात.

हॉस्पिटलचं भांडार

पास्कू तुस्कानो वसईचे. अठ्ठावन्न वर्षांचे, बुटके, पांढऱ्या शर्टाच्या खिशात तीन पेनं. मी मराठी बोलताच खुर्ची पुसून दिली आणि ड्रॉवरमधून सुकेळी काढून समोर ठेवली. वसईची वाळवलेली केळी. "बायको पाठवते. येणाऱ्या माणसाच्या पिशवीत जागा असेल तर."

भांडारात छतापर्यंत खोकी: बँडेज, सलाईन, हातमोजे. आणि अगदी मागे, चादरींच्या गठ्ठ्यांच्या आडोशाला, माणसाएवढी एक काळी पेटी उभी. त्यात त्यांचा चेलो, म्हणजे व्हायोलिनच्याच घराण्यातलं, पण बसून दोन गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं वाद्य. लहानपणी गावातल्या एका परदेशी फादरनी त्यांना शिकवलं होतं. चौऱ्याहत्तर साली नोकरीला आले तेव्हा चेलोही आणला. खोलीत सहाजण राहायचे, म्हणून तो इथे ठेवला. जेवणाच्या सुट्टीत दार लावून वाजवायचे.

व्हायोलिनची तार त्यांच्याकडेही नव्हती. व्हायोलाच्या, म्हणजे व्हायोलिनहून जरा मोठ्या, खालच्या सुराच्या वाद्याच्या होत्या, एका नर्सने दिलेल्या, जाड. "चालतील?" मी म्हटलं, आमच्या पद्धतीत आम्ही व्हायोलिन खालच्या सुरातच लावतो. तिथेच बसून चारही तारा बदलल्या. आवाज असा घोगरा, भरदार निघाला की पास्कूभाऊ खोक्यावरून उठले.

"पुन्हा वाजवा. वरच्या दोन तारा."

वाजवलं.

"इटलीकराला हे आवडलं असतं," ते म्हणाले.

हा इटलीकर म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीचा एक इटालियन संगीतकार. त्याचं खरं नाव मला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही, आणि आमच्या बोलण्यातही तो इटलीकरच राहिला, म्हणून इथेही तसंच लिहिते. तुस्कानी प्रांतातल्या गावी जन्मला. "माझं आडनाव तुस्कानो, पण नातं काही नाही हं," पास्कूभाऊंनी आधीच सांगून टाकलं. बाप डबल बास वाजवणारा, म्हणजे चेलोहून मोठं, उभ्याने वाजवायचं वाद्य. पोरगा चेलोत तयार झाला आणि पोटासाठी स्पेनला गेला. तिथे राजाच्या भावाकडे चाकरी. त्या भावाने मन मानेल तिथे लग्न केलं म्हणून राजाने त्याला दरबारापासून लांब, डोंगराकडच्या एका गावी धाडलं. मालकाबरोबर नोकरही गेला.

"त्या घरात वाजवणारे चौघं आधीच होते," पास्कूभाऊ सांगत होते. "बाप आणि त्याची पोरं. दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो. चौकडी पूर्ण. आता हा पाचवा कुठे बसणार? म्हणून त्याने स्वतःसाठी जागा लिहून काढली. दोन चेलोंची पंचकं. खालचा चेलो पाया धरतो आणि वरचा, पहिला चेलो, गातो. तो पहिला त्याचा स्वतःचा. अशी शंभराच्या वर लिहिली."

"आणि परत गावी?"

"नाही गेला. दोन बायका गेल्या, मुलीही त्याच्या आधीच गेल्या. माद्रिदला गरिबीत मेला. मग शंभरावर वर्षांनी त्याच्या गावच्या लोकांना आठवण झाली. हाडं नेली." त्यांनी सुकेळ्याचा तुकडा मोडला. "हाडं पोचली गावाला."

अधारी

पुढच्या शुक्रवारी अविनाशने मला अधारी दाखवली. गोड्या पाण्याचा मोठा झरा, भोवती खजुरीची झाडं, आणि त्यात पोहणाऱ्यांचा नुसता गोंधळ. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे हे असं! योगायोगाने अबू जासिम नातवंडांना घेऊन आले होते. त्यांनी गंमत सांगितली. पूर्वी या झऱ्याचं पाणी पाटाने लांबच्या बागांना जायचं, जवळची जमीन कोरडी राहायची. म्हणून तिकडे म्हण आहे की अमका अधारीसारखा, दूरच्याला पाजतो आणि जवळच्याला विसरतो. अविनाश खूप हसला. मला पास्कूभाऊ आठवले. पगारातून त्यांनी गावात घर बांधलं, दोन मुलींची लग्नं केली, आणि त्या लग्नांना मिळून त्यांची रजा झाली सव्वीस दिवस. त्यांचं पाणी नेमकं कोणत्या बाजूला वाहिलं, हे मला ठरवता येईना.

जनाबिया

पास्कूभाऊंची पंचकडी दर मंगळवारी जनाबियाला जमायची, मार्गारेटच्या बंगल्यावर. मार्गारेट एका बँक अधिकाऱ्याची बायको, पहिलं व्हायोलिन वाजवणारी, उंच आणि घाईत असलेली. दुसरं व्हायोलिन खलील नावाच्या बहारीनी शाळामास्तरांचं. व्हायोला एका आयरिश नर्सची. पहिला चेलो एका इंग्रज साहेबाचा होता. तो आठ वर्षं वाजवून नोव्हेंबरात बदली होऊन गेला. महिनाअखेरच्या शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरलेला आणि पाचवा माणूस नाही. पास्कूभाऊंचा करारही मार्चमध्ये संपणार होता. त्यानंतर ही पंचकडी उरणार नव्हती.

मला ऐकायला नेलं होतं. बंगल्याच्या गच्चीवरून समुद्रात खांबांची लांबलचक रांग दिसत होती, सौदीला जोडणारा पूल तेव्हा बांधत होते. चहाबरोबर काकडीचे सँडविच आणि खजूर. मग चौघांनी पहिल्या चेलोशिवाय वाजवलं. आमच्याकडे एक गातो आणि बाकीचे त्याच्या मागून चालतात. इथे चौघं चार गोष्टी बोलत होते, भांडण होत नव्हतं, आणि मधे एका माणसाची जागा रिकामी असल्याचं मलाही ऐकू येत होतं.

पास्कूभाऊंनी मला वाजवायला लावलं. मी गालिच्यावर मांडी घातली. दोन मिनिटांनी मार्गारेट टाळी वाजवून उठली. "हीच पहिला चेलो वाजवेल! सूर जुळतात. खालचे दोनचार वरच्या सप्तकात घेईल."

मी म्हटलं, मला तुमची स्वरलिपी वाचता येत नाही.

"इंशाल्ला, येईल," खलील मास्तर म्हणाले.

सतरा दिवस होते. रोज दुपारी बाळ-बाळंतीण झोपली की मी बसने हॉस्पिटल गाठायचे. पास्कूभाऊ त्यांच्या पहिल्या चेलोच्या कागदावर बोट ठेवून गाऊन दाखवायचे आणि मी वहीत सारेगम लिहून घ्यायचे. चौथ्या दिवशी अविनाश कुरकुरला, "ताई, तू मीनासाठी आलीस ना?" मीनाच आतून म्हणाली, "जाऊ दे हो त्यांना. परत येतात तेव्हा स्वयंपाक गात गात करतात."

खोटं कशाला सांगू, मी हरखून गेले होते. सांगलीत मी नेहमी कोणाच्या तरी मागे वाजवलेलं. गवई पुढे, मी मागे. इथे माझं नाव पत्रिकेवर छापलं होतं, पहिला चेलो या शब्दांसमोर. त्याच्या खाली, दुसरा चेलो: पास्कू तुस्कानो.

आठव्या दिवशी त्यांना हॉस्पिटलच्या साहेबाने बोलावलं आणि मी एकटी तो कागद बघत बसले. तोवर मी फक्त सूर बघत होते. आता बाकीचं दिसलं. प्रत्येक सुरावर बोटांचे आकडे. शिसपेन्सिलीने, त्यावर निळ्या शाईने, त्यावर पुन्हा शिसपेन्सिलीने. खोडून, सुधारून, कागद झिरझिरीत झालेला. आणि संथ भागाच्या कोपऱ्यात बारीक मराठी अक्षर: 'पास्कू, घाई नको.'

ते परत आले. मी विचारलं, "हा भाग तुम्ही बसवलाय?"

"एकटा असतो. वेळ जात नाही."

"किती वर्षं?"

"आलो तेव्हापासून." त्यांनी कागद माझ्या हातून काढून घेतला, घडी सरळ केली. "साहेब होते, मग ते गेले. मी वर गेलो तर खाली कोण? पायाशिवाय घर उभं राहतं का?"

पुढचे दोन दिवसही मी वही उघडून तेच सूर घोटत राहिले. मला ते वाजवायचं होतं. हे लिहायला आजही जड जातं, पण मला ते फार वाजवायचं होतं.

हॉटेलात

अविनाशच्या वाढदिवसाला आम्ही मनामातल्या एका हॉटेलात जेवायला गेलो. बाळ मांडीवर, ताटात भाताबरोबर भाजलेला हमूर मासा आणि भला मोठा खुबूस, म्हणजे तिकडची रोटी. कोपऱ्यात फिलिपिनो वादकांचं त्रिकूट. पियानो, ड्रम, आणि एका हसऱ्या माणसाच्या हातात डबल बास. इटलीकराच्या बापाचं वाद्य. मी घास हातात धरून त्याच्याकडे बघत राहिले. मीना म्हणाली, "ताई, काय झालं?" मी म्हटलं, "पाया सापडला."

मधल्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेले. त्याचं नाव रोमी. माझं इंग्रजी आणि त्याचं इंग्रजी दोन्ही तुटकं, त्यामुळे आमचं लगेच जमलं. लिपी वाचता येते? येते. शुक्रवारी दुपारी मोकळा? मोकळा.

मार्गारेटला फोनवर सांगितलं: खालचा चेलो रोमी बासवर धरेल, वरचा पास्कूभाऊ वाजवतील. ती म्हणाली, "तू एवढी मेहनत घेतलीस. पत्रिका छापल्यात."

"माझं नाव खोडा," मी म्हटलं. फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन जरा रडले. बाळाची दुपटी धुवायची होतीच.

पण खरा फटका दुसऱ्या दिवशी बसला. पास्कूभाऊ चिडले. एवढा शांत माणूस, खोकं आपटलं. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं? मी मागितलं होतं?"

"नाही."

"अकरा वर्षं मी भिंतीसमोर वाजवलंय, बाई. भिंत काही बोलत नाही. लोकांसमोर हात थरथरला म्हणजे?"

"थरथरेल. माझाही थरथरला असता."

"तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही जाणार परत."

"तुम्हीही जाणार आहात, मार्चमध्ये. मग हे कुठे वाजवणार? गावात चौघं आहेत?"

ते वळले आणि हातमोज्यांची खोकी मोजायला लागले. मी उठून आले. मंगळवारी जनाबियाला ते येणार की नाही, कोणालाच ठाऊक नव्हतं. रोमीने भलामोठा बास टॅक्सीच्या टपावर बांधून आणला होता. साडेचारला फाटक वाजलं. पास्कूभाऊ चेलो पाठीवर घेऊन आत आले, कोणाकडे न बघता पहिल्या चेलोच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "यल्ला." म्हणजे चला.

शुक्रवार

हॉल भरला होता. वसईच्या नर्सेस पहिल्या दोन रांगांत, त्यांच्या मागे मल्याळी मंडळी, बँकेतली, कारखान्यातली. अबू जासिम इस्त्रीचा पांढरा झगा घालून आले होते. मीना बाळाला घेऊन दाराशी बसली. मी पास्कूभाऊंच्या डाव्या बाजूला, पानं उलटायला.

पहिल्याच प्रवेशाला त्यांचा गज थरथरला. सूर चिरकला, स्पष्ट. पुढच्या रांगेतल्या एका नर्सने तोंडावर हात ठेवला. खलील मास्तरांनी वाजवता वाजवता त्यांच्याकडे पाहून फक्त भुवया उंचावल्या, जणू म्हणत होते, हं, मग पुढे? आणि रोमीचा बास खालून आला, जाड, निश्चिंत. त्या आवाजावर पास्कूभाऊंनी पाय ठेवला. मला ते दिसलं. त्यांचे खांदे खाली आले.

संथ भाग आला. दहाबारा दिवस मी तेच सूर वाजवत होते आणि मला वाटत होतं, ते मला कळलेत. मला बाहेरूनच कळले होते. त्यांनी प्रत्येक सुराला जो वेळ दिला तो माझ्याकडे नव्हताच. तो अकरा वर्षांनीच येतो. ज्या माणसाने डोंगराकडच्या त्या गावात बसून हे लिहिलं, त्याला सोडून आलेल्या गावाची काय आठवण येत होती, मला ठाऊक नाही, कोणालाच असणार नाही. पण तो रडगाणं गात नव्हता. तो आपल्या वाट्याला आलेल्या घरात सगळ्यांत सुंदर खुर्ची कुठे ठेवावी ते बघत होता. मी पान उलटायला क्षणभर उशीर केला. त्यांना पानाची गरज नव्हती.

टाळ्या फार वेळ चालल्या. अबू जासिमनी पुढे येऊन पास्कूभाऊंचा हात दोन्ही हातांत धरला आणि अरबीत काहीतरी लांबलचक म्हणाले. पास्कूभाऊंना अरबी येत होतं. त्यांनी ते आम्हाला सांगितलं नाही.

परतताना अविनाशच्या गाडीत चेलो मावेना, म्हणून मीना, गौरी आणि बाळ मार्गारेटबरोबर गेली. पास्कूभाऊ म्हणाले, "जाता जाता टेलिफोन ऑफिसपाशी थांबाल? शुक्रवारी सहाला घरी फोन करतो. वसईला साडेआठ होतात. शेजाऱ्यांकडे येऊन बसते ती."

संध्याकाळ झाली होती, बाहेर फोनसाठी माणसांची रांग. पाकिस्तानी, बंगाली, आपले. प्रत्येकाच्या हातात कागदाचा चिटोरा, काय बोलायचं ते लिहिलेला. पास्कूभाऊंच्या हातात नव्हता. नंबर आला, ते काचेच्या खोलीत शिरले. दार अर्धवट उघडं राहिलं.

"मी बोलतोय... हो, बरा आहे. जेवलो... ऐक. आज मी पहिला वाजवला... नाही गं, नंबर नाही आला. शर्यत नव्हती... पहिला म्हणजे वरचा. चेलो... हो, तोच, तो अजून आहे माझ्याकडे."

तिकडून काहीतरी विचारलं गेलं.

"कधी बोललो नाही, खरं आहे," ते म्हणाले. "आता सांगतो. बस आधी. खुर्ची घे."

मग त्यांनी दार ओढून घेतलं. पुढचं मला ऐकू आलं नाही. पण काचेतून दिसत होतं: डाव्या कानाला रिसीव्हर दाबलेला, डोळे मिटलेले, आणि उजवा हात अगदी सावकाश हवेत गज ओढत होता.